चिपवरचं नॅनोपोर: छिद्र पाडता येतं, रेणू आवरणं अवघड

प्रश्न पुण्याहून आला आहे, जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करणाऱ्या विद्यार्थिनीचा. थोडक्यात असा: सिलिकॉन नायट्राइडच्या चिपवर पाडलेलं नॅनोमीटरच्या मापाचं छिद्र, म्हणजे नॅनोपोर, टिकाऊ असतं, हव्या त्या मापाचं करता येतं, चिपच्या कारखान्यात हजारोंनी बनवता येईल. मग डीएनए वाचणारी बाजारातली नॅनोपोर यंत्रं अजून प्रथिनाचंच छिद्र का वापरतात? आणि चिपवरच्या छिद्रांवर पीएचडी करावी का?

दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर आहे, जरूर करा. फक्त डीएनएचा क्रम वाचण्यासाठी करू नका. असं का म्हणतो ते पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातूनच कळेल, म्हणून आधी ते सविस्तर सांगतो.

मूळ कल्पना वॉलेस कूल्टर यांची. १९५३ मध्ये त्यांना तिचं पेटंट मिळालं. मिठाच्या पाण्याचे दोन कप्पे, मधल्या भिंतीत एकच बारीक भोक, दोन्हीकडे एकेक इलेक्ट्रोड. पेशी भोकातून जाताना आपल्या आकारमानाएवढं द्रावण बाजूला सारते आणि तेवढा वेळ विद्युतप्रवाह कमी होतो. पॅथॉलॉजी लॅबमधली सीबीसीची कितीतरी यंत्रं तांबड्या पेशी आजही अशाच मोजतात. नॅनोपोरमध्ये भोक हजारो पटींनी लहान असतं आणि पेशीच्या जागी एकेक रेणू जातो, बाकी मांडणी तीच.

रेणूंच्या बाबतीत हे पहिल्यांदा जमलं ते प्रथिनाच्या छिद्रात. कासियानोविच, ब्रँडिन, ब्रँटन आणि डीमर यांनी १९९६ मध्ये स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूचं अल्फा-हिमोलायसिन हे प्रथिन मेदाच्या पातळ पटलात बसवलं आणि त्यातून आरएनए व डीएनएचे एकेरी धागे ओढून दाखवले. या छिद्राची सर्वात अरुंद जागा १.४ नॅनोमीटर आहे, त्यामुळे दुहेरी डीएनए त्यातून जातच नाही. धागा खरंच पलीकडे गेला याची खात्री त्यांनी पलीकडच्या द्रावणावर पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवून तो ओळखायची चाचणी, करून घेतली. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मेदाचं पटल नाजूक असतं, म्हणून पक्क्या पदार्थात छिद्र पाडायचे प्रयत्न लगेच सुरू झाले. २००१ मध्ये हार्वर्डमध्ये गोलोव्हचेन्को यांच्या गटाने आयनांच्या झोताने सिलिकॉन नायट्राइडमधलं छिद्र नॅनोमीटरच्या मापापर्यंत आकसवत आणलं. २००३ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला सीझ डेकर यांच्या गटाने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा झोत वापरून सिलिकॉन ऑक्साइडचं छिद्र डोळ्यांदेखत लहान करून दाखवलं. म्हणजे छिद्र पाडायचा प्रश्न वीस वर्षांपूर्वीच बहुतांशी सुटला होता. तरी क्रम वाचण्याच्या शर्यतीत चिप मागे पडली, आणि त्याचं कारण आकड्यांत आहे.

समजा, पटल २० नॅनोमीटर जाड आहे आणि छिद्राचा व्यास ५ नॅनोमीटर. दोन्ही बाजूंना १ मोलर पोटॅशियम क्लोराइड, वर १०० मिलिव्होल्ट विद्युतदाब. छिद्राच्या नळीचा आणि तिच्या दोन्ही तोंडांचा अवरोध मिळून हिशेब केला तर प्रवाह सुमारे ०.८५ नॅनोअँपिअर येतो. त्यात २.२ नॅनोमीटर जाडीचा दुहेरी डीएनए शिरला की तो साधारण १५० पिकोअँपिअरने घटतो. चांगल्या अॅम्प्लिफायरवर ही घट स्पष्ट दिसते. इथवर सगळं आशादायक वाटतं.

आता वेग बघा. बेस म्हणजे डीएनएची ए, सी, जी, टी ही अक्षरं. अशा छिद्रातून मोकळा सुटलेला डीएनए एका बेस-जोडीला जेमतेम दहा ते तीस नॅनोसेकंद घेतो. २५ नॅनोसेकंद धरू. ०.८५ नॅनोअँपिअरचा प्रवाह म्हणजे या २५ नॅनोसेकंदांत छिद्रातून सुमारे १३० आयनांएवढा विद्युतभार जातो. डीएनए आत असल्यामुळे त्यातले तेवीस-चोवीस कमी होतात. ही झाली अख्ख्या डीएनएच्या असण्या-नसण्यातली तफावत. ए आणि जी यांच्यातला फरक तर एक-दोन आयनांचा असेल. आयन यादृच्छिकपणे येतात, तेव्हा १३०च्या मोजणीत दहा-अकराचा चढउतार निसर्गतःच असणार. त्यामुळे अॅम्प्लिफायर कितीही उत्तम घेतला तरी एवढ्या वेळात तो बेस ओळखता येत नाही, कारण तेवढी माहिती त्या प्रवाहात नसतेच. वर २० नॅनोमीटरच्या नळीत एका वेळी ५९-६० बेस-जोड्या मावतात, म्हणजे जे दिसतं तेही साठांची सरासरी.

पातळ पटल घेऊन पाहिलं गेलं. २०१० मध्ये हार्वर्ड, डेल्फ्ट आणि पेनसिल्व्हेनिया अशा तीन ठिकाणी ग्राफीन या कार्बनच्या पदार्थाच्या अतिपातळ पटलातल्या छिद्रांतून डीएनए नेण्यात आला. ग्राफीनचा एकेक थर एका अणूच्या जाडीचा, म्हणून एकेक बेस सुटा दिसेल अशी मोठी आशा होती. पण प्रवाहाचा अवरोध फक्त पटलाच्या जाडीवर अवलंबून नसतो. छिद्राच्या तोंडाशी, जवळजवळ व्यासाएवढ्या अंतरात, आयन गोळा होताना जो अवरोध होतो तो राहतोच. शिवाय ग्राफीनचा कमी वारंवारतेचा नॉइज (संकेतातली नको असलेली खरखर) जास्त, डीएनए त्याला चिकटतो, आणि वेगाचा प्रश्न तर जागचा हलतही नाही. पातळ पदार्थांवरचं संशोधन निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही, पण "पटल पातळ केलं की क्रम वाचता येईल" हे गणित चुकीचं आहे.

प्रथिनाच्या छिद्राने हा वेगाचा प्रश्न कसा सोडवला? छिद्रावर दुसरं एक प्रथिन बसवून. २०१२ मध्ये सिएटलमधल्या गुंडलाख यांच्या गटाने एमएसपीए या प्रथिनाच्या छिद्रावर फाय-२९ पॉलिमरेझ हे एन्झाइम बसवलं. ते धागा एकेक बेस करून सरकवतं. आज ऑक्सफर्ड नॅनोपोर या कंपनीच्या यंत्रांत हेच काम एक मोटर प्रथिन करतं आणि वेग सेकंदाला सुमारे ४०० बेस असतो. एका बेसला अडीच मिलिसेकंद. मघाच्या २५ नॅनोसेकंदांच्या तुलनेत हा वेळ एक लाख पट आहे! एका बेसच्या वाट्याला प्रवाहाच्या डझनभर नोंदी येतात आणि संगणकाला काहीतरी हाती लागतं. तरीही एका क्षणी अरुंद जागेत एकच बेस नसतो. एमएसपीएमध्ये साधारण चार बेस मिळून प्रवाह ठरवतात, आणि त्या गुंत्यातून क्रम उलगडण्याचं काम न्यूरल नेटवर्क करतं.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे सारखेपणा. प्रथिनाच्या छिद्राचा आकार जनुक ठरवतं. एमएसपीएची लाखो छिद्रं अणू न् अणू सारखी असतात, म्हणून एका छिद्रावर शिकवलेलं गणित सगळ्यांना लागू पडतं. एका अमिनो आम्लाचा बदल हवा असेल तर जनुकात बदल करायचा, की पुढची सगळी छिद्रं तशीच. सिलिकॉन नायट्राइड स्फटिक नसलेला पदार्थ आहे. त्यात पाडलेली पाच नॅनोमीटरची दोन छिद्रं भिंतीच्या खडबडीतपणात, कोनात आणि पृष्ठभागावरच्या विद्युतभारात कधीच तंतोतंत सारखी नसतात. मोटर एन्झाइम नेमक्या जागी बसायला जी खाच लागते ती अशा भिंतीत नसते. २०१० मध्ये डेल्फ्ट आणि ऑक्सफर्डच्या गटांनी मिळून अल्फा-हिमोलायसिन थेट सिलिकॉन नायट्राइडच्या छिद्रात बसवून पाहिलं. दोन्हींचे गुण एकत्र आणणारी ती कल्पना मला फार आवडते, आणि तिच्यावर अजून बरंच काम व्हायला हवं.

इथे एक गैरसमज दूर करतो. ऑक्सफर्ड नॅनोपोरचं मिनआयन हे यंत्रही चिपवरच चालतं. त्याच्या फ्लो सेलमध्ये, म्हणजे नमुना भरायच्या भागात, २०४८ सूक्ष्म खड्डे आणि ५१२ वाहिन्यांचं इलेक्ट्रॉनिक्स एकाच जागी असतं. प्रत्येक खड्ड्यावर पॉलिमरचं पटल आणि त्यात प्रथिनाचं छिद्र. म्हणजे "चिप की प्रथिन" असा हा वाद नाहीच. छिद्र कशाचं आणि कोणत्या कामासाठी, एवढाच प्रश्न आहे.

मग चिपवरचं पक्कं छिद्र कुठे सरस ठरतं? जिथे रेणू जाड आहे, दुमडलेला आहे, आणि प्रथिनाच्या दीड नॅनोमीटरच्या तोंडातून जाऊच शकत नाही, तिथे. दुहेरी डीएनए, त्याला चिकटलेली प्रथिनं, अखंड प्रथिनं, रायबोसोम, विषाणू. व्यास तीन नॅनोमीटरपासून शेकडो नॅनोमीटरपर्यंत आपण ठरवायचा. क्षार, आम्लता, तापमान, युरियासारखी द्रव्यं, सगळं बदलता येतं. मेदाचं पटल फुटेल अशा विद्युतदाबालाही ही चिप टिकते.

केंब्रिजमध्ये बेल आणि कायसर यांनी २०१६ मध्ये दाखवलेली पद्धत या दृष्टीने अवश्य अभ्यासा. त्यांनी लांब डीएनएवर ठरावीक जागी छोटे उंचवटे बसवले. धागा छिद्रातून जाताना या उंचवट्यांचे खळगे प्रवाहात ओळीने उमटतात आणि त्यावरून हा कोणता वाहक ते कळतं. त्याच धाग्यावर दुसऱ्या एका जागी विशिष्ट प्रथिन पकडणारा रेणू असतो. प्रथिन पकडलं गेलं तर तिथे आणखी एक खळगा उमटतो. त्यांचं छिद्र काचेच्या नळीच्या टोकाचं होतं, चिपचं नव्हे, पण तत्त्व चिपवरही लागू होतं. बेस वाचण्याइतकी सूक्ष्मता नसताना नुसत्या खळग्यांच्या क्रमावरून एका मिश्रणातली अनेक प्रथिनं ओळखायची ही युक्ती आहे, आणि निदानासाठी चिपवरच्या छिद्राची खरी वाट मला हीच वाटते.

सुटं प्रथिन बघणं मात्र कठीण आहे. डीएनएवर एकसारखा ऋण भार असतो, म्हणून तो शिस्तीत ओढला जातो. प्रथिनाचा भार ठिगळासारखा, शिवाय ते लहान. मायक्रोसेकंदांत आरपार जातं. २०१३ मध्ये डेल्फ्टच्या गटाने हिशेब मांडून दाखवलं की विसरणाच्या, म्हणजे रेणू आपोआप पसरण्याच्या, नियमानुसार जितकी प्रथिनं छिद्रातून जायला हवीत त्याच्या अगदी थोडा अंशच नोंदीत दिसतो. बाकीची नॉइज गाळणाऱ्या फिल्टरमध्ये हरवतात, आणि जी दिसतात ती बहुधा भिंतीला क्षणभर चिकटलेली असतात. म्हणजे आपल्या आलेखावर सामान्य रेणूंपेक्षा अडखळलेलेच रेणू जास्त असतात. प्रथिनांवरचा कोणताही निबंध वाचताना हा प्रश्न मनात ठेवून वाचा.

यावरचे दोन उपाय मला मोलाचे वाटतात. मायकेल मायर यांच्या गटाने २०११ मध्ये छिद्राच्या भिंतीवर मेदाचा प्रवाही थर चढवला. कल्पना कीटकांच्या स्पर्शकांवरून घेतलेली. प्रथिनाला मेदाच्या रेणूशी बांधलं की ते त्या थराच्या चिकटपणामुळे हळू सरकतं आणि भिंतीलाही चिकटत नाही. त्यावरून २०१७ पर्यंत हा गट एकट्या प्रथिनाचा ढोबळ आकार, म्हणजे ते चपटं आहे की लांबट, प्रवाहाच्या चढउतारांवरून काढू लागला. दुसरा उपाय डेल्फ्टचा, २०२१चा: डीएनए ओरिगामीचा, म्हणजे डीएनएचे धागे दुमडून बनवलेला, गोळा छिद्राच्या तोंडावर बसवायचा, त्यामुळे निर्माण होणाऱ्या विद्युत-परासरणी (विद्युतदाबाने वाहणाऱ्या द्रावणाच्या) प्रवाहाने प्रथिन छिद्रात अडकून राहतं. मग ते मिनिटंच काय, तासभरही न्याहाळता येतं. दोन्ही उपायांत छिद्र तेच जुनं आहे. बदललं आहे ते पृष्ठभागाचं आणि गतीचं नियंत्रण. म्हणून पीएचडीची वर्षं घालवायचीच असतील तर ती इथे घालवा.

पृष्ठभागाबद्दल आणखी थोडं. सिलिकॉन नायट्राइडवर पाण्यात ऑक्साइडचा थर येतो आणि उदासीन द्रावणात तो ऋणभारित होतो. त्यामुळे छिद्रातून पाणीच एका दिशेला वाहू लागतं, आणि मीठ कमी असेल तर हा प्रवाह रेणूला मागे ढकलण्याइतका असतो. नवं छिद्र कोरडं असेल तर त्यात हवेचा बुडबुडा अडकतो आणि प्रवाह अपेक्षेच्या निम्मा, नॉइज भरमसाट, असं चित्र दिसतं. ऑक्सिजन प्लाझ्मा किंवा पिरान्हा द्रावणाने साफ केलेली (पिरान्हा वापरला तर भरपूर पाण्याने पूर्ण धुतलेली) चिप आधी अल्कोहोलने भिजवून मग क्षारद्रावण घालायचं. पिरान्हा म्हणजे तीव्र गंधकाम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं मिश्रण. ते सेंद्रिय द्रावकाजवळ कधीही न्यायचं नाही आणि बंद बाटलीत ठेवायचं नाही. शिवाय सिलिकॉन नायट्राइड क्षारद्रावणात हळूहळू विरघळतं. सकाळी पाच नॅनोमीटरचं छिद्र संध्याकाळपर्यंत मोठं झालेलं असू शकतं, म्हणून प्रयोगाच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा वाहकता मोजायची. अॅल्युमिना किंवा हॅफ्नियम ऑक्साइडचा अणुथर चढवला तर ही झीज बरीच आटोक्यात येते.

छिद्र पाडण्यासाठी आता महागड्या सूक्ष्मदर्शकापाशी रांग लावावी लागत नाही. ओटावाच्या टबार्ड-कोसा यांच्या गटाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत जवळपास सगळ्यांनी स्वीकारली आहे. अखंड पटलाच्या दोन्ही बाजूंना क्षारद्रावण भरायचं आणि दर नॅनोमीटर जाडीला अर्धा ते एक व्होल्ट या हिशेबाने दाब द्यायचा. पटलातून बारीक गळती सुरू होते आणि कधीतरी ती एकदम उसळते. त्या क्षणी दाब तोडायचा. झालं छिद्र, आणि तेही पहिल्यापासून ओलं. अडचण एवढीच की ते पटलावर नेमकं कुठे पडलं हे कळत नाही, आणि दाब वेळेत तुटला नाही तर दुसरंही पडू शकतं. वाहकतेवरून काढलेला व्यास एकाच छिद्राचा आहे असं गृहीत धरलेलं असतं. ओळखीच्या लांबीचा डीएनए पाठवून ते पडताळायचं.

इलेक्ट्रॉनिक्सकडे जीवशास्त्रातून आलेले विद्यार्थी दुर्लक्ष करतात, तसं करू नका. १० किलोहर्ट्झचा फिल्टर लावला तर संकेताला वर चढायलाच तेहतीस मायक्रोसेकंद लागतात. त्याहून छोटी घटना दिसली तरी तिची खोली खोटी असते. बँडविड्थ, म्हणजे नोंदवता येणाऱ्या वारंवारतांची मर्यादा, वाढवायची तर चिपची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) कमी हवी, कारण वरच्या वारंवारतांचा नॉइज तिच्यामुळेच फुगतो. म्हणून सिलिकॉनऐवजी काचेच्या आधारावर पटल बनवतात, किंवा छिद्राभोवतीचा भाग सिलिकोन रबराने झाकून घेतात. २०१२ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या रोझेनस्टीन आणि शेपर्ड यांनी पेनसिल्व्हेनियाच्या गटाबरोबर अॅम्प्लिफायर चिपच्या अगदी शेजारी आणून बसवला आणि १ मेगाहर्ट्झपर्यंत मजल मारली. आपल्याकडे ५० हर्ट्झची गुणगुण हा रोजचा शत्रू आहे. फॅराडेचा पिंजरा (बाहेरचे विद्युत संकेत अडवणारी धातूची पेटी) आणि एकाच बिंदूला जोडलेलं अर्थिंग, याला पर्याय नाही.

एका भ्रमाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. "एकेका रेणूला ओळखणारा सेन्सर" म्हटलं की लोकांना वाटतं रक्तातला एखाददुसरा रेणूही सापडेल. छिद्राला रेणू दिसतो, पण आधी तो छिद्रापाशी यावा लागतो. ढोबळमानाने एक नॅनोमोलर डीएनए असताना सेकंदाला काही घटना मिळतात. पाच धरा. तोच डीएनए एक फेम्टोमोलर, म्हणजे दहा लाख पटींनी विरळ, असेल तर दोन-अडीच दिवसांनी एक घटना येईल, आणि तोवर १०० मायक्रोलिटर नमुन्यात साठ हजार रेणू नुसते तरंगत असतील. छिद्राच्या दोन बाजूंना क्षाराची तीव्रता वेगळी ठेवली तर पकड वाढते, हे २०१० मध्ये वनुनू आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. चुंबकीय कणांनी आधी नमुन्यातले रेणू एकवटणं हाही उपाय आहे. निदानाचं उपकरण करायचं असेल तर नमुना छिद्रापर्यंत आणण्याचं काम छिद्राइतकंच मोठं आहे.

आणि प्रत्येक खळगा म्हणजे पार गेलेला रेणू नव्हे. तो तोंडाशी आपटून परतलेलाही असू शकतो. विद्युतदाब वाढवल्यावर घटनांचा कालावधी घटला, तर रेणू पार जातोय असं मानायला जागा आहे. लांब दुहेरी डीएनएच्या बाबतीत आणखी एक सुंदर खूण मिळते: दहा नॅनोमीटरच्या छिद्रात तो कधीकधी दुमडून शिरतो, मग खळगा आधी दुप्पट खोल आणि नंतर एकपट असा पायरीपायरीने दिसतो. ही पायरी कचऱ्यामुळे येत नाही. शंका उरली तर १९९६ चा उपाय आहेच, पलीकडच्या द्रावणावर पीसीआर.

भारतात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या नॅनो विज्ञान व अभियांत्रिकी केंद्रात पक्क्या छिद्रांवर काम होतं. स्वतःची क्लीनरूम (चिप बनवायची धूळमुक्त खोली) नसलेल्या महाविद्यालयांसाठी तिथे आणि आयआयटी मुंबईत भारतीय नॅनोइलेक्ट्रॉनिक्स उपयोजक कार्यक्रम चालत आला आहे. पुण्यातून मुंबई जवळ, तेव्हा पटलाच्या चिप करून घेण्याचा विचार त्या वाटेने करता येईल. प्लाझ्मा, सूक्ष्मदर्शक, वेफरचं खोदकाम हे तुमच्या प्रयोगशाळेत नसलं तरी अडत नाही. अॅम्प्लिफायर आणि पिंजरा मात्र तुमच्या हाताशी हवा.

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या गटाचे कच्चे आलेख बघायला मागा, निबंधात छापलेले निवडक नव्हेत. सलग दहा-पंधरा मिनिटांचा आलेख मागा. त्यात तळरेषा किती वेळा सरकते, छिद्र किती वेळा बुजतं आणि ते मोकळं करायला काय करतात, हे विचारा. एका चिपवर सरासरी किती वेळ काम होतं आणि दहा चिपांपैकी किती चालतात, हेही विचारा. मग कोणत्या बँडविड्थवर मोजलं आणि त्याहून छोट्या घटनांचं काय केलं, हे विचारा. या शेवटच्या प्रश्नावर जो गट उत्साहाने अर्धा तास बोलेल, तिथे अर्ज करा.